बोडका र

जानेफळच्या बसथांब्यासमोर, पंक्चरच्या दुकानाला लागून, महामायाचं दुकान आहे. पाटीवर ठळक अक्षरांत ‘मयुरी डीटीपी, झेरॉक्स व ऑनलाइन कामे’ असं लिहिलंय, आणि त्याखाली ‘आमच्या कामात चूक दाखवा’. त्याच्यापुढं ‘असे आमचे आव्हान आहे’ हे शब्द यायचे होते, पण पाटी संपली. त्यामुळे परगावचा माणूस बसमधून उतरला की त्याला वाटतं, ही बाई स्वतःहून चुका दाखवायला बोलावते आहे. महामायाला हे पुष्कळांनी सांगून पाहिलं. तिचं म्हणणं एकच, की पाटी वाचायला नसते, दुकान सापडायला असते.

एकूण छापील अक्षराबद्दलच तिचं हे मत होतं. बारावीनंतर मेहकरला टायपिंगचा आणि डीटीपीचा वर्ग करून ती लग्न होऊन जानेफळला आली. नवरा धम्मरत्न एसटीत कंडक्टर. तो दिवसभर गाडीत, म्हणून तिनं दुकान टाकलं, आणि थोड्याच दिवसांत पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, वाढदिवसाचे फलक आणि निवडणुकीची वचनं तिच्याच हातून बाहेर पडू लागली. नियम एक होता. जुळवायचं, वाचायचं नाही. वाचलं की शंका येते, शंका आली की गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, आणि विचारलं की गिऱ्हाइकाच्या घरात भांडण लागतं. एकदा एका पत्रिकेत जित्याजागत्या काकाच्या नावामागं ‘कै.’ लागलं. काका काठी घेऊन दुकानात आले. महामायानं शांतपणे सांगितलं, “तुमच्या पुतण्यानं जसं देल्लं, तसं म्या टाकलं. वारले का नाही हे पाह्यनं माह्यं काम नोहे.” काका काठी घेऊन पुतण्याकडं गेले. पुढचं जे काही झालं ते त्यांच्या घरात झालं, दुकानात नाही, आणि नियम खरा ठरला.

दुसरा तिचा अभिमान असा, की अक्षरावाचून काम अडू द्यायचं नाही. कॉम्प्युटरात एकेका वळणाच्या अक्षरांचा एकेक संच असतो, त्याला फॉन्ट म्हणतात. लग्नाच्या नक्षीदार फॉन्टात ‘ज्ञ’ नसला तर महामाया तो बातमीपत्राच्या फॉन्टातून उचलून आणायची. मग ज्ञानदेव नावाच्या नवरदेवाचं पहिलं अक्षर पैलवानासारखं आणि बाकीची वेलीसारखी दिसत. पण लग्न लागायचं थांबलं नाही. “कोनतंबी अक्षर कुठीबी बसते, बसवनारा पाह्यजे,” असं ती म्हणायची, आणि तोवर तिला खोटं पाडणारं कुणी भेटलं नव्हतं.

मग भगवानराव सर आले.

भगवानराव उत्तमरावांच्या संस्थेच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले होते. मळा होता, मुलगा तो पाहत होता, आणि संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव त्यांचे व्याही होते. म्हणजे निवृत्तीनंतर माणसाला जे लागतं ते सगळं होतं, फक्त ऐकणारा वर्ग नव्हता. म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं. ते बोलायचे पुस्तकासारखंच. ‘आगमन झाले’, ‘प्रयोजन काय’, ‘तथापि’. वऱ्हाडी त्यांच्या तोंडून राग आल्यावरच निघायची, त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांना मायबोली म्हटलं की आधी छडी आठवत असे.

पुस्तकाचं नाव होतं ‘मायबोलीतले बीजगणित’. त्यामागं एक जुनी सल होती. भगवानराव लहानपणी वरवट बकालला शिकले. इंग्रजी अक्षरांची धड ओळख नसताना फळ्यावर पहिल्यांदा एक्स आला, तेव्हा त्यांना वाटलं, ही मास्तरची फुली आहे. चुकलेल्या गणितावर मास्तर अशीच फुली मारत. आता पुस्तकातल्या प्रत्येक ओळीतच फुली पाहून त्या पोरानं ताडलं की हे पुस्तकच सगळं चुकलेलं आहे, आणि वर्षभर त्यातलं एकही गणित सोडवलं नाही. त्याबद्दल खाल्लेला मार अजून त्यांच्या पाठीवर होता. आपल्या भागातल्या पोरांना तरी फुलीनं घाबरवू नये, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं म्हणतात. निदान प्रस्तावनेत तसं लिहिलं होतं.

महामायानं पुस्तक आधी रीतसर एक्स घालूनच जुळवलं. समीकरणं मांडायला कॉम्प्युटरात निराळी सोय असते आणि तिचा फॉन्टही निराळा, खास गणिताचा. त्यातला एक्स थोडा उजवीकडं झुकलेला असतो, म्हणजे तो मजकुरातल्या अक्षरांत मिसळत नाही. भगवानरावांनी पहिली पानं पाहिली आणि चष्मा काढला.

“हा असा मद्यप्राशन केल्यासारखा का उभा आहे?”

“गनितात तो असाच येते सर.”

“आमच्या गणितात येणार नाही.” त्यांनी खिशातून पेन काढून पानाच्या कडेला मोठा र काढला. ज्याची किंमत ठाऊक नाही ती अव्यक्त राशी, आणि राशीचा र. क्ष त्यांना चालत नव्हता. क्ष हे जोडाक्षर, घराणं मोठं पण अंगानं बोजड, पोरांना भराभर लिहिता येत नाही. र कसा सुटसुटीत. शिवाय आकडेही सगळे देवनागरी हवेत.

महामायानं एक्सच्या जागी र टाकून पाहिला तर र उमटेना, रिकामा चौकोन उमटला. गणिताच्या फॉन्टाला मराठी अक्षरं माहीतच नव्हती. दुसरी कुणी असती तर हात जोडून मोकळी झाली असती. महामाया चार दिवस त्या चौकोनाकडं पाहत बसली, आणि पाचव्या दिवशी तिनं फॉन्ट दुरुस्त करायचा एक प्रोग्राम मिळवून गणिताचा फॉन्टच उघडला. आतल्या एक्सचं चित्र पुसलं, आणि रोजच्या मजकुराच्या फॉन्टातला र उचलून त्या जागी बसवला. आकडेही तसेच. आता टाइप करताना एक्सच दाबायचा, पण पडद्यावर दिसायचा र. फायलीच्या पोटात एक्स होता तो तिथंच राहिला, फक्त त्याला तोंड दुसऱ्याचं लावलं होतं. एक बटण दाबलं आणि साऱ्या पुस्तकातले एक्स एका क्षणात मराठी झाले. धम्मरत्न जेवायला आला होता, त्याला तिनं हात धरून ते दाखवलं. तो म्हणाला, एवढ्या झटपट त आमच्या डेपोत पाटीबी बदलत नाही.

भगवानराव हरखले. पण अपूर्णांकांपाशी त्यांचं बोट थांबलं. र हा जिथं रेघेखाली होता, तिथं अपूर्णांकाची रेघ आणि र च्या डोक्यावरची रेघ अशा दोन रेघा एकीखाली एक दिसत होत्या. हा काय दुमजली अपूर्णांक आहे, असं त्यांनी विचारलं. महामायानं पुन्हा फॉन्ट उघडला आणि र ची शिरोरेषा छाटून टाकली. र बोडका झाला. अपूर्णांक मात्र नीट दिसू लागले. भगवानरावांनी सगळं पुस्तक पुन्हा नजरेखालून घातलं. ते त्यांनीच लिहिलं होतं, त्यामुळे पानावर काय आहे हे पाहायची त्यांना गरज नव्हती, तिथं काय असायला हवं ते त्यांना पाठ होतं. आणि महामायाचा तर नियमच होता. तिनं आपल्या मशीनवरून साऱ्या पानांचे ट्रेसिंगच्या अर्धपारदर्शक कागदावर प्रिंट काढले, त्यावरून अकोल्याला पुस्तक छापून आलं. आत दुसऱ्या पानावर ‘अक्षरजुळणी : महामाया’ असं तिनं बारीक अक्षरांत घातलं. उत्तमरावांनी व्याह्याचं पुस्तक म्हणून ते संस्थेच्या सगळ्या शाळांत नववीला लावूनही टाकलं.

महामायाची मुलगी मयुरी त्याच हायस्कुलात नववीला होती. एका संध्याकाळी ती दुकानात अभ्यास करत बसली होती. बराच वेळ ती एकाच पानाकडं पाहत होती. मग तिनं विचारलं, “आई, दोन बरोबर चार कसे?”

“कोन म्हनते?”

“तुह्यं पुस्तक.”

महामाया उठून आली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण जुळवलेलं पान वाचू लागली. वर लिहिलं होतं, ‘उदाहरण पहिले : २२ + ३ = ११.’ त्याखाली व्यवस्थित पायऱ्या होत्या, आणि शेवटी, ‘म्हणून २ = ४. ताळा बरोबर आला.’ तिला क्षणभर काही कळेना. मग लक्षात आलं. बोडका र आणि दोनाचा आकडा यांच्यात काहीच फरक उरला नव्हता. सरांनी लिहिलं होतं दोन र अधिक तीन, आणि छापलं गेलं होतं बावीस अधिक तीन. तिनं पान उलटलं. तिथं पाच गुणिले चार बरोबर वीस असायला हवं होतं, आणि होतं ‘५२४ = २०’. गुणाकाराची फुली ती एक्सच दाबून मारायची, सगळेच मारतात. त्या बटणासरशी फुल्याही मराठी झाल्या होत्या. मागच्या वेष्टनावर हौसेनं पाढे छापले होते. तिथं ‘२२३ = ६’ असं बेरकीपणानं बसलं होतं.

मयुरी म्हणाली, वर्गातल्या पोरी पेनानं डोक्यावर रेघ ओढून घेतात, जिथं र वाटेल तिथं. पण प्रत्येकीला तो वेगवेगळ्या ठिकाणी वाटतो.

महामायाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पाटीवरचं अर्धं वाक्य तिला पहिल्यांदाच बोचलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती भगवानरावांच्या घरी गेली आणि आपली चूक कुठं आणि कशी झाली ते सरळ सांगितलं. भगवानरावांनी पुस्तक उघडलं. त्यांचा चेहरा हळूहळू मायबोलीकडं वळू लागला.

“माह्या जल्माची माती केली तुमी,” ते म्हणाले. “शिरोरेषा छाटाले कोनं सांगतलं होतं?”

“दोन रेघा तुमालेच खुपल्या होत्या सर.”

हे त्यांना ऐकू आलं नाही. शुद्धिपत्र काढायचं, आणि त्याच्या डोक्यावर ‘अक्षरजुळणी करणाऱ्या महामायाबाईंच्या अज्ञानामुळे’ असं ठळक छापायचं, असं त्यांनी फर्मावलं. महामाया कबूल झाली. चूक तिचीच होती. पण शुद्धिपत्र जुळवायला घेतलं तर ते पुस्तकापेक्षा जाड व्हायला लागलं, कारण चुकला नव्हता असा एकही र पुस्तकात नव्हता. शेवटी व्याह्यांना सांगून पुस्तक मागं घ्यावं, असं भगवानरावांनी मन घट्ट करून ठरवलं. ते उत्तमरावांकडं गेले तेव्हा सहामाही परीक्षेचा निकाल लागला होता.

त्या परीक्षेचं झालं होतं असं. नववीला गणित शिकवायला पूनम मॅडम होत्या. त्यांनी याच पुस्तकातली गणितं पेपरात जशीच्या तशी घातली. आता तपासायला बसल्या तर एका गणिताची सहा उत्तरं, आणि सहाही कुठल्या ना कुठल्या वाचनानं बरोबर. कुणी सगळे र धरले, कुणी सगळे दोन धरले, एकानं तर आळीपाळीनं धरले होते. पूनम मॅडमनी मुख्याध्यापकांना विचारलं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, ज्यानं काहीतरी लिहिलंय त्याला मार्क द्या. संस्थेच्या सगळ्या शाळांत हेच झालं, आणि गणिताचा निकाल शंभर टक्के लागला. संस्थेच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. उत्तमरावांची वार्षिक सभा तोंडावर होती.

भगवानराव सांगू लागले की पुस्तकात दोष आहे. उत्तमरावांनी त्यांना पेढा भरवला. तुमचा हा विनयच आम्हाला आवडते व्याहीबुवा, असं म्हणाले. लोणारला सत्कार ठरला, त्याच दिवशी शिक्षकांची कार्यशाळा, आणि ‘गणित सोपे करणारा माणूस’ असा फलक. फलक करायचं काम अर्थातच महामायाकडं आलं.

सत्काराला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत भगवानरावांच्या मनात काय चाललं होतं हे कुणाला ठाऊक नाही, पण ते दुकानात आले तेव्हा पुन्हा शुद्ध मराठी बोलत होते. कार्यशाळेसाठी पुस्तिका जुळवायची होती. तिचं नाव ‘संदिग्धबोध पद्धती : एक अभिनव विचार’. महामायानं आता नियम सोडला होता, ती वाचतच जुळवू लागली. आत असं होतं की विद्यार्थ्याला सर्व काही आयतं देऊ नये. र कोणता आणि दोन कोणता हे त्याने स्वतः शोधावे. मग तो आपल्या हाताने शिरोरेषा देतो, आणि शिरोरेषा देणे म्हणजेच ज्ञाननिर्मिती. आपण तीस वर्षांच्या चिंतनातून या निष्कर्षाप्रत आलो आहोत.

“सर,” महामाया म्हणाली, “हे त माह्याकडून चुकलं होतं न?”

“स्थूलदृष्ट्या तसे म्हणता येईल,” भगवानराव म्हणाले, आणि दुसऱ्या आवृत्तीची पानं पुढं केली. दुसरी आवृत्ती सत्काराबरोबरच जाहीर व्हायची होती. सगळं पहिल्यासारखंच ठेवायचं होतं. एवढंच, की दुसऱ्या पानावरची ‘अक्षरजुळणी : महामाया’ ही ओळ त्यांनी पेनानं खोडली होती. वाचकाचे लक्ष विचलित होते, असं कारण दिलं.

शुद्धिपत्रात तिचं नाव डोक्यावर घ्यायला निघालेला माणूस आता ते तळातूनही काढत होता. महामायाला आधी बरं वाटलं, की सुटले. मग वाईट वाटलं. मग दोन्ही एकदम वाटू लागलं.

लोणारला ती पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन धम्मरत्नच्याच गाडीनं गेली. मंगल कार्यालयात मागच्या खुर्चीवर बसली. शाल झाली, श्रीफळ झालं, उत्तमरावांचं भाषण तर होतच राहिलं. खामगावच्या एका प्रतिष्ठानाचे दोघेजण आले होते, ते दरवर्षी शिक्षणातल्या नव्या उपक्रमाला पुरस्कार देत. कार्यशाळेत एका शिक्षकानं विचारलं, सर, शिरोरेषा काढून टाकायची कल्पना आपल्याला कशी सुचली? भगवानरावांनी डोळे मिटले आणि सांगितलं, की एका पहाटे मळ्यात उभे असताना पीक कापलेलं शेत पाहून सुचली. टाळ्या पडल्या. महामायानंही वाजवल्या. परतीच्या गाडीत धम्मरत्ननं तिकिटं फाडता फाडता विचारलं, कसा झाला कार्यक्रम. ती म्हणाली, “चूक माही होती, शोध सरायचा निंगाला.”

प्रतिष्ठानाच्या लोकांना पद्धती फारच आवडली होती. त्यांनी पुरस्कारासाठी पुस्तक मागवलं, आणि त्यांच्या नमुन्याप्रमाणे मोठ्या आकारात छापून पाहायचं म्हणून छापील प्रत नको, कॉम्प्युटरातली उघडी फाइलच पाठवा, असं कळवलं. भगवानरावांच्या सांगण्यावरून महामायानं फाइल पाठवून दिली. आठवडाभरात उत्तर आलं. ते भगवानराव दुकानात आले तेव्हा त्यांच्या मोबाइलवर उघडंच होतं. पुस्तक उत्तम आहे, मांडणी अतिशय स्वच्छ आहे, तथापि त्यात कोणतीही नवी पद्धती आढळली नाही, सर्व ठिकाणी नेहमीप्रमाणे एक्सच वापरलेला आहे. सबब नवोपक्रम म्हणून विचार करता येत नाही.

“बाई,” भगवानराव म्हणाले. ते भरउन्हात चालत आले होते. “माहा र कुठी गेला?”

“कुठीच नाही गेला सर. तो माह्या मशीनमंधी हाये.”

तिनं त्यांना समजावून सांगितलं. र हा फायलीत कधी नव्हताच. फायलीत एक्सच होता, र होता तो तिनं बदललेल्या फॉन्टात, आणि तो फॉन्ट जगात फक्त या एका कॉम्प्युटरात होता. खामगावच्या कॉम्प्युटरात गणिताचा मूळ फॉन्ट, म्हणून त्यांना मूळ एक्स दिसला. भगवानराव खुर्चीवर बसले. तीस वर्षांचं चिंतन पंक्चरच्या दुकानाशेजारच्या एका जुन्या मशीनमध्ये राहत होतं, हे पचायला त्यांना पाणी लागलं.

मग त्यांनी विचारलं, र सकट जसंच्या तसं पाठवता येते का. महामाया म्हणाली, येते, पानांची पीडीएफ केली की दिसते तसंच जाते, आत्ता पाठवते. भगवानरावांचा जीव भांड्यात पडला.

“पन सर, आता पद्धतीसाठी पाठवून राह्यलो, त नाव टाका लागन. पद्धती कोनाची ते.”

“ग्रंथकाराचे नाव आहेच.”

“पुस्तक तुमचंच हाये. त्याले कोन नाही म्हनते. पन र माहा हाये. बसवला म्या, छाटला म्या, चुकलाबी माह्याच हातानं. शुद्धिपत्रात माह्यं नाव तुमी मोठ्या अक्षरात टाकून राह्यले होते, म्या काही म्हनलं नाही. मंग पुरस्कारात काऊन नाही?”

ती आवाज न चढवता बोलली. झेरॉक्सला आलेला एक माणूस कागद हातात धरून उभाच राहिला. भगवानरावांनी समोरच्या पडद्याकडं पाहिलं. स्टेजवर दोन खुर्च्या, दोन शाली, आणि दुसऱ्या खुर्चीवर डीटीपीवाली बाई, एवढं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. उत्तमराव काय म्हणतील हेही गेलं असावं.

“खामगावले काय दिसलं ते मले दाखवा,” ते म्हणाले.

महामायानं बदललेला फॉन्ट बाजूला केला आणि मूळ लावला. पडद्यावर सगळे एक्स परत आले, आपापले उजवीकडं कललेले. भगवानराव वाचू लागले. पुस्तक निघाल्यापासून ते त्यांनी वाचलं नव्हतं, फक्त त्याच्यावर बोलत होते. एक पान झालं, दुसरं झालं. मध्येच ते एका पायरीपाशी थांबून मान हलवत, जणू दुसऱ्या कुणाचं वाचताहेत. महामायानं चार गिऱ्हाइकं उरकली तरी ते वाचतच होते.

“बरं लिहेलं हाये,” ते पुटपुटले. रागावाचून वऱ्हाडी बोलताना महामायानं त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पुरस्काराचा विचार त्यांनी तिथंच सोडला. तो वाटून घेण्यापेक्षा र सोडलेला परवडला. माणसाला कधी कधी सद्बुद्धी होते ती अशा वाटेनंही होते. दुसरी आवृत्ती एक्समध्ये काढायची ठरली, आणि संध्याकाळपर्यंत भगवानराव थांब्यावर भेटेल त्याला सांगू लागले, की आजचा विद्यार्थी जगाबरोबर चालला पाहिजे, अक्षरांचे असले भलते प्रयोग आपल्याला कधी पसंत नव्हते.

एक अडचण होती. आता गुणाकाराच्या फुल्याही एक्सच होत्या. कुठला एक्स राशी आणि कुठला गुणाकार हे कॉम्प्युटरला सांगता येत नव्हतं, आणि महामायाला ओळखता येत नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भगवानराव रोज दुकानात येऊन तिच्या शेजारी बसू लागले. ओळीओळीवर बोट ठेवून सांगायचे, हा अक्षर, हा गुणिले, हा अक्षर. महामाया गुणिलेच्या जागी खरी फुली घालायची. मध्येच ती विचारायची, हा गुणिले काऊन, आणि भगवानराव सांगायचे. सांगता सांगता त्यांचं ‘तथापि’ कमी झालं. तिसऱ्या प्रकरणापासून महामाया न विचारता बोट ठेवू लागली, आणि दोनदा तिचं बरोबर आणि त्यांचं चूक निघालं, एकदा उलटं. त्यावरून भांडण झालं, चहा झाला. मयुरीही येऊन बसायची आणि दोघांना चुका दाखवायची. दुसऱ्या पानावर ‘अक्षरजुळणी : महामाया’ ही ओळ परत आली. भगवानरावांनी ती स्वतः सांगितली नाही, पण तिनं घातल्यावर खोडलीही नाही.

दुसरी आवृत्ती निघाली. उत्तमरावांनी प्रकाशनाच्या वेळी ती उघडून पाहिली नाही, त्यामुळे त्यांना काही फरक वाटला नाही. प्रतिष्ठानाचा पुरस्कार चिखलीकडच्या एका शाळेला मिळाला, तिथं पाढे डफावर म्हणवून घेत. वार्षिक परीक्षा झाली आणि नववीच्या गणिताचा निकाल पुन्हा नेहमीच्या जागी येऊन बसला. उत्तमरावांनी व्याह्यांना बोलावून विचारलं, एवढं सोपं केलेलं गणित तुम्ही परत कठीण काऊन केलं. भगवानरावांनी वयाचं कारण सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका दुपारी पूनम मॅडम दुकानात आल्या. महामाया झेरॉक्समध्ये कागद भरत होती. आधी मॅडमनी पंख्याखाली उभं राहून घाम पुसला, मग मयुरीची चौकशी केली. मयुरीला गणितात चांगले मार्क पडले होते. मग हळूच म्हणाल्या, “ताई, सरांच्या पयल्या आवृत्तीच्या काही प्रती मिळतील का? नव्या वर्षासाठी लागत होत्या.”

“पयल्या संपल्या,” महामाया म्हणाली. “दुसरीच्या हायेत भरपूर. सगळं सुधारेल हाये त्यात.”

पूनम मॅडमनी दुसरी आवृत्ती हातात घेतली, मधलं एक पान उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत ठेवली.

“हिच्यात उत्तर एकच निघते,” त्या म्हणाल्या.